रिकाम्या जागेची दवंडी

मेढ्याच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या कुणाही तरुणाला विचारून बघा. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये कुठल्या टोळीत माणूस कमी आहे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात कुणाचा मामा मुकादम आहे, घणसोलीत गाववाल्यांच्या खोलीत अजून एक जण मावेल का, हे तो सांगेल. नाहीतर सांगू शकणाऱ्याचा नंबर तरी देईल. मग त्यालाच विचारा, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेल्या महिन्यात किती फिटर भरले? केळघरच्या रस्त्यावर नवं हॉटेल उघडलं, तिथं स्वयंपाकाला कोण लागलं? बाजारपेठेतल्या पतसंस्थेत पिग्मी एजंटाची जागा कधी निघाली आणि कधी भरली? यातलं फारसं काही त्याच्या कानावर आलेलं नसतं. आलंच तर जागा भरून झाल्यावर येतं.

अडीचशे किलोमीटरवरचं काम कळतं आणि तासाभराच्या अंतरावरचं कळत नाही, हे मेढ्यासह सगळ्या जावळी तालुक्याचं दुखणं आहे. आपल्याकडे बेकारीची चर्चा नेहमी काम आहे की नाही, या एकाच प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न मोठा आहे आणि जावळीसारख्या डोंगराळ तालुक्यात तर फारच मोठा. पण त्याच्या आत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. जे काम आहे, त्याची खबर कुणी कुणाला द्यायची? आज ती देणं कुणाच्याही माथी नाही. जागा ज्याची, खबर त्याची, असा सगळा व्यवहार आहे. मला वाटतं, इथंच आपलं चुकतं आहे. एखाद्या गावाच्या हद्दीत नोकरीची जागा रिकामी होते, तेव्हा ती बातमी त्या गावाच्या मालकीची असते. तिथं कुणाला घ्यायचं हा मालकाचा अधिकार आहे, पण जागा रिकामी आहे हे सांगणं हे त्याचं कर्तव्य मानलं गेलं पाहिजे.

जावळीची माणसं मुंबईला का गेली, हे या भागात कुणाला समजावून सांगायला नको. वेण्णेच्या काठची थोडी बरी जमीन सोडली तर डोंगरउतारावरचे तुकडे, त्यावर भात-नाचणी, चार महिने धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्याची रांग. पश्चिमेच्या बामणोली खोऱ्यातली उत्तम जमीन कोयनेच्या जलाशयाखाली गेली. त्यामुळं घरटी एक-दोन पुरुष मुंबईला, हा नियमच झाला. माणसं कशी गेली, त्यांना तिथलं काम कसं कळलं, हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. कारण जाहिरात वाचून गेलेला माणूस त्या पिढ्यांमध्ये शोधूनही सापडायचा नाही.

गिरणीत माणूस लावण्याचं काम जॉबरचं. सकाळी गिरणीच्या दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणाला आत घ्यायचं, बदली कुणाला द्यायची, हे तो ठरवायचा. तो आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस आधी घ्यायचा आणि त्या बदल्यात दस्तुरीही घ्यायचा. १९३१ साली आलेल्या शाही कामगार आयोगाच्या अहवालानं जॉबरच्या या सत्तेवर नेमकं बोट ठेवलं होतं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३५ मध्ये, मुंबईच्या गिरणीमालक संघानं बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्ड देण्याची पद्धत सुरू केली. दारातली गर्दी आणि जॉबरची मनमानी कमी करण्याचा तो प्रयत्न होता. जॉबर श्रम विकत नव्हता, यंत्रही चालवत नव्हता. आज आत किती माणसं लागणार हे बाहेरच्यांपेक्षा त्याला आधी कळायचं, आणि एवढ्याच भांडवलावर त्याची सत्ता उभी होती.

गोदीत, मशीद बंदरच्या किराणा बाजारात, लोखंडाच्या वखारींत तेच काम मुकादम करायचा. तिथल्या हमालांत सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्यांची माणसं मोठ्या संख्येनं होती. क्विंटलभराची पोती पाठीवर घ्यायची आणि वाराई किती मिळणार हे मुकादमाच्या मर्जीवर सोडायचं. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील या माणसांना घेऊन लढले, आणि १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी कामगारांचा कायदा केला. या कायद्याबद्दल बोलताना आपण भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना, लेव्ही यांबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातली नोंदवही अधिक मोलाची वाटते. मालकाची नोंद, कामगाराची नोंद, टोळीची नोंद, आणि मधे मंडळ. कुठं काम निघालं, ते कुणाला मिळालं आणि त्याची मजुरी किती झाली, हे एका माणसाच्या खिशातून निघून मंडळाच्या दप्तरात आलं. मुकादम राहिला, पण खबरीवरची त्याची मक्तेदारी मोडली. हा कायदा ज्यांच्या लढ्यातून आला त्यांतले कितीतरी जण सातारच्या डोंगरातून उतरलेले होते.

गावकऱ्यांनीही आपली वेगळी यंत्रणा उभी केली होती. लालबाग-परळच्या चाळींमधल्या गाववाल्यांच्या खोल्या, खानावळी, प्रत्येक गावाचं मुंबईतलं ग्रामविकास मंडळ, गणपतीला आणि यात्रेला भरून येणाऱ्या गाड्या. पोरगं दहावी झालं की त्याला 'कुठंतरी चिकटवा' म्हणून शब्द टाकायची ही व्यवस्था. तिनं हजारो घरं तगवली, गावात देवळं बांधली, शाळांना खोल्या दिल्या. तिच्याबद्दल मी आदरानंच बोलतो. पण तिची किंमतही मोजली पाहिजे.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांतून शिकलेल्या हजारो मराठी मुलामुलींच्या घरांची पाहणी केली आणि २००६ साली ती प्रसिद्ध केली. त्यांना जे आढळलं ते विचारात पाडणारं आहे. ज्या जातींचे पुरुष पिढ्यानपिढ्या ओळखीच्या जोरावर गिरणी-गोदीत लागत आले, त्या घरांतले मुलगे नव्वदीनंतरही मराठी शाळेतून त्याच जुन्या कामांकडे जात राहिले. कारण तिथं शब्द टाकायला माणूस होता. त्याच घरांतल्या मुली मात्र इंग्रजी शाळांकडे झपाट्यानं वळल्या. त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना धरून ठेवणारंही कुणी नव्हतं. ज्या ओळखीनं बापाला तारलं, तिनंच मुलाला जुन्या कामाशी बांधून ठेवलं.

अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रज्ञाचं काम इथं उपयोगी पडतं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांची पाहणी केली. त्यांतल्या ५६ टक्क्यांना नवी जागा ओळखीतून मिळाली होती. एवढ्यावरून कुणी म्हणेल, बघा, जगभर असंच चालतं. पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. ज्यांना ओळखीतून खबर मिळाली त्यांच्यातल्या बहुतेकांना ती जिवलग मित्राकडून किंवा नातेवाइकाकडून मिळाली नव्हती. अधूनमधून, क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण उघड आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी बातमी आणतो तो लांबच्या वर्तुळातला माणूस. आता जावळीकडे बघा. चुलता वाशीला, मेव्हणा तुर्भ्याला, वर्गमित्र घणसोलीला. या जवळच्या माणसांनी मुंबईच्या बाजारातली बारीकसारीक बातमी इथवर आणली. सातारच्या कारखान्यातला पर्यवेक्षक, महाबळेश्वरच्या हॉटेलचा व्यवस्थापक, शिरवळच्या कंपनीतला मनुष्यबळ अधिकारी मात्र या वर्तुळात नाही. तेवढ्यासाठी जवळचं काम लांबचं झालं.

ज्याला गाव सोडता येतं, त्याचं यात निभावतं. ज्याला सोडता येत नाही त्याचं काय, हा खरा प्रश्न आहे, आणि इथं मी बाईबद्दल बोलतो आहे. लहान मूल, अंथरुणाला खिळलेली सासू, दोन म्हशी आणि मुंबईतला नवरा एवढं पाठीशी असलेल्या कुसुंबीच्या किंवा करहरच्या बारावी झालेल्या बाईला वाशीची कुठलीही जागा उपयोगाची नाही. तिला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशीच जागा हवी असते. म्हणजे स्थानिक जागेची सर्वांत जास्त गरज तिला आहे आणि त्या जागेची खबर सर्वांत कमी तिच्यापर्यंत पोचते. पारावर, चहाच्या टपरीवर, गॅरेजमध्ये ज्या गप्पांतून अशा बातम्या फिरतात, तिथं ती बसलेली नसते. तिच्यासाठी खुली असणारी एकच जागा आपल्याला चटकन आठवते, अंगणवाडीची. आणि तीही बघा कशी आहे. स्थानिक रहिवासी असणं ही तिची पहिली अट. जागा निघाली की प्रकल्प कार्यालयाची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, पात्रता लिहिलेली असते, मुदत लिहिलेली असते. आशा कार्यकर्ती गावातलीच लागते. पोलीस पाटील गावातलाच लागतो. या जागा मोजक्या आहेत, मानधनही मोठं नाही. पण गावाच्या जागेची बातमी गावाला द्यायची असते, हे तत्त्व सरकारनं इथं मान्य केलेलं आहे. मग ते तिथंच का थांबावं?

कायदा नव्हता असंही नाही. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा केंद्राचा कायदा १९५९ साली झाला आणि १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्याच दिवशी, तो अमलात आला. सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा अधिक माणसं कामाला असलेली खासगी आस्थापना, दोघांनाही तो लागू होता. शेती, घरकाम आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामं वगळली होती. जागा भरण्याआधी कळवायचं, एवढंच बंधन. कार्यालयानं पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असं कायदा म्हणत नव्हता आणि सर्वोच्च न्यायालयानंही १९८७ मध्ये तसंच सांगितलं. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड, पुढच्याला हजारापर्यंत. एवढ्या दंडाची भीती कुठल्या कारखान्याला वाटणार? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं हा कायदा आपल्यात सामावून घेतला आणि खासगी आस्थापनांची मर्यादा वीस माणसांवर आणली.

मर्यादा कमी झाली हे चांगलंच. तरीही जावळीतली बहुतेक आस्थापना त्या मर्यादेच्या खालीच राहणार. मेडिकल दुकानातला फार्मासिस्ट, पॅथॉलॉजी लॅबमधला तंत्रज्ञ, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारा, बालवाडीची शिक्षिका, स्कूल व्हॅनचा चालक, जेसीबीचा ऑपरेटर, रिसॉर्टमधलं हाउसकीपिंग. एकेका ठिकाणी एकेक जागा. तालुकाभरातल्या अशा जागा एकत्र केल्या तर वर्षाकाठी एखाद्या मध्यम कारखान्याच्या भरतीएवढ्या सहज होतील असा माझा अंदाज आहे. पण त्या कधी एकत्र मोजल्याच गेलेल्या नाहीत. आणि मोठ्या कारखान्यांत तरी काय? तिथं भरती आता ठेकेदाराच्या मार्फत होते. कंपनी म्हणते आमच्याकडे जागा नाही, आणि ते कागदावर खरं असतं. जागा ठेकेदाराकडे असते आणि ठेकेदाराच्या जागेची सूचना कुठल्या फलकावर लागत नाही. जॉबर गेला, त्याच्या जागी लेटरहेड असलेला ठेकेदार आला.

अशी पोकळी राहिली की तिथं खबर विकणारे येतात. व्हॉट्सॲपवर रोज फिरणारे 'त्वरित भरती', 'आकर्षक पगार', 'राहणे-जेवणे मोफत' असे संदेश बघा. कंपनीचं धड नाव नसतं, कामाचं ठिकाण नसतं, नोंदणीचे म्हणून पाचशे-हजार रुपये आधी भरायला सांगितलेलं असतं. या फसवणुकीबद्दल तरुणांना सावध करणारी पत्रकं निघतात. पत्रकांनी थोडा उपयोग होतोही. पण खरी जाहिरात जिथं दिसतच नाही, तिथं खोटी ओळखायची कशाच्या आधारावर?

सरकारी भरतीच्या मागे लागणाऱ्या मुलांना आपण फार बोल लावतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या गटासाठी अर्जाचं शुल्क हजार रुपये होतं. यावर लेख आले, व्यंगचित्रं आली. सुरक्षितता, प्रतिष्ठा, लग्नाच्या बाजारातली किंमत ही कारणं आहेतच. पण एक साधं कारण कुणी सांगत नाही. आपल्या तरुणासमोर संपूर्ण माहितीनिशी येणारी जवळजवळ एकमेव जागा सरकारी असते. किती जागा, पात्रता काय, वेतन किती, परीक्षा कधी, निवड कशावर, हे सगळं तिथं छापलेलं असतं. सैन्यभरतीचंही तसंच. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथं पिढ्यानपिढ्या मुलं भरतीसाठी पहाटे धावतात, कारण किती मिनिटांत किती अंतर धावायचं हे त्यांना आधीपासून माहीत असतं. खासगी नोकरीनं अशी उघड कसोटी कधी समोर ठेवली आहे? ज्या दाराची पाटी वाचता येते, तिथंच रांग लागणार.

'स्थानिकांना ऐंशी टक्के' ही घोषणा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. १९६८ पासून महाराष्ट्राची धोरणं ते सांगतात. नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयानं ते पुन्हा ठासून सांगितलं. त्यातला स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. म्हणजे साताऱ्याच्या कारखान्यात गडचिरोलीचा माणूसही स्थानिक आणि मेढ्याचाही. यात मला वावगं काही दिसत नाही. राज्य सगळ्यांचं आहे. पण मेढ्याला या व्याख्येचा काडीचा उपयोग नाही. उलट टोकाचा उपाय हरियाणानं केला. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना पंचाहत्तर टक्के राखीव जागा देणारा त्यांचा कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकानं २०२४ मध्ये तसं विधेयक आणलं आणि टीका होताच बाजूला ठेवलं. राखीव जागेची मागणी भाषणात टाळ्या घेते आणि न्यायालयात पडते. जाहीर सूचनेची मागणी कुणाच्याही मूलभूत हक्काला धक्का लावत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हाकलायचं नाही, त्याचा अर्ज अडवायचा नाही; फक्त गावातल्या माणसालाही त्याच दिवशी कळलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या एका निकालात सरकारी खात्यांना हेच सांगितलं होतं: सेवायोजन कार्यालयाकडून नावं मागवाच, पण वर्तमानपत्रात छापा, कार्यालयाच्या फलकावर लावा, आकाशवाणीवर सांगा, म्हणजे ज्यांची नावं तिथं नोंदलेली नाहीत त्यांनाही संधी मिळेल. मी जे मागतो आहे ते यापलीकडे जात नाही. हाच न्याय खासगी जागेला आणि तालुक्याच्या पातळीवर लावा, एवढंच.

आक्षेप ठरलेला आहे आणि तो मालकच नव्हे तर आपलीच माणसं घेतात: 'आपल्या पोरांना काम नको असतं. बाहेरचे येतात, राबतात.' हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो. ज्या घरांतल्या पुरुषांनी मशीद बंदरला आयुष्यभर पोती वाहिली त्या घरांतल्या मुलांना कष्टाची लाज आहे म्हणणाऱ्यानं त्या आजोबांची पाठ बघावी. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत दूरच्या राज्यांतली मुलं का येतात, याचं उत्तर सोपं आहे. हॉटेलवाल्याकडे एका ठेकेदाराचा नंबर असतो, एका फोनवर दहा मुलं येतात, आवारातच राहतात, हंगाम संपला की जातात. मेढ्याच्या बाजूला असा फोन उचलणारं कुणी नाही. शिवाय पगार किती, पाळी कोणती, सुट्टी कधी हे गावातल्या मुलाला आधी कुणी सांगतच नाही. तो जातो, तिथं गेल्यावर सोळा तासांचं काम कळतं, परत येतो, आणि मग आपण त्याला आळशी म्हणतो. म्हणून पगाराचा आकडा आणि कामाचे तास लिहिल्याशिवाय कुठलीही सूचना स्वीकारायचीच नाही. आकडा कमी असेल तर माणसं येणार नाहीत, आणि का आली नाहीत हे सगळ्या तालुक्याला दिसेल. कष्टाबद्दलचा वाद मग आकड्यावर होईल, पोरांच्या चारित्र्यावर होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. खबर दिल्यानं काम निर्माण होत नाही. खरंच होत नाही. जावळीत मोठी औद्योगिक वसाहत नाही, आणि साताऱ्यातलीही कामं आटत गेलेली आपण पाहिली आहेत. बजाज आणि राज्य सरकारच्या भागीदारीतला महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना २००६ मध्ये थांबला तेव्हा किती घरांची चूल मंदावली हे या भागाला ठाऊक आहे. किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना आणि गाव दोन्ही एकदम उभं केलं, तसे उद्योजक सांगून मिळत नाहीत. पण खबरीची नोंद असेल तर निदान एवढं कळेल की तालुक्यात कशाची माणसं लागतात आणि मिळत नाहीत. आज आयटीआयमध्ये कुठला अभ्यासक्रम चालवायचा, हे कशावरून ठरतं? लॅब तंत्रज्ञाची जागा सहा महिने रिकामी राहते आणि शेजारच्या वाडीतली विज्ञान पदवीधर मुलगी घरी बसून आहे, या दोन गोष्टी एका कागदावर आल्या, तर प्रशिक्षणाची गरज आपोआप दिसते.

ही कल्पना या मातीला परकी नाही. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगावात रोजगार हमीचा छोटा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून खेड्यातल्या मजुराला काम दिलं गेलं. देशानं २००५ मध्ये ती कल्पना उचलली. पाग्यांच्या योजनेचा गाभा मला असा दिसतो: कामाच्या शोधात वणवण करण्याचं ओझं त्यांनी मजुराच्या डोक्यावरून उतरवलं. मजुरानं काम मागायचं, तारीख घातलेली पोच घ्यायची आणि पंधरा दिवसांत काम कुठं आहे हे सरकारनं सांगायचं. ती पोच म्हणजे अडाणी मजुराच्या हातातला लेखी हक्क होता. खडी फोडणाऱ्याला, बांध घालणाऱ्याला महाराष्ट्रानं हा मान दिला. दहावी-बारावी-आयटीआय झालेल्या त्याच्या मुलीला मात्र पोर्टलवर नाव नोंदव आणि वाट बघ, असं सांगितलं. महास्वयं पोर्टल असावं, मेळावे व्हावेत. पण पोर्टलवर माणसाला जाहिरातीपर्यंत जावं लागतं. कोयनेच्या जलाशयाकाठच्या वाडीवर जिथं रेंजचाच भरवसा नसतो, तिथं जाहिरातच माणसाकडे आली पाहिजे.

ती कशी येईल हे अवघड नाही. पंचायत समितीत एक वही आणि एक जबाबदार माणूस. तालुक्यात आणि तालुक्यातून रोज जा-ये करता येईल अशा अंतरात जी जागा निघेल ती तिथं नोंदवायची, मग आस्थापना दोन माणसांची असो की दोनशेची. ठेकेदाराची जागा ठेकेदारानं, पण कुठल्या कंपनीसाठी हे लिहून. दर आठवड्याला एक पान प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, आठवडे बाजारात. पूर्वी कोतवाल दवंडी पिटायचा तेव्हा निरक्षर म्हातारीलाही वसुलीची तारीख कळायची. आज ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, ग्रामसभा आहे, साताऱ्यात आकाशवाणी आहे. म्हसवडला माणदेशी फाउंडेशन सामुदायिक रेडिओ चालवतं, तर असा रेडिओ जावळीतही होऊ शकतो. बचत गटांच्या बैठकीत ते पान वाचून दाखवलं तर ते बाईपर्यंत पोचेल. पहिल्या वर्षी छोटे मालक स्वतःहून येणार नाहीत, त्यांच्या दुकानात जाऊन विचारावं लागेल. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात उद्घाटनाची फीत नाही. म्हणूनच ते आजवर झालेलं नाही.

कास पठारावर याची चुणूक दिसते. २०१२ मध्ये पठार जागतिक वारशाच्या यादीत आलं, गर्दी लोटली, आणि आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी हंगामातलं मार्गदर्शन, तपासणी, वाहनतळ अशी कामं गावच्या मुलांकडे दिली. काम हंगामी आहे, थोडं आहे. पण ते कुणाला मिळालं हे गावाला माहीत असतं, आणि कुणाला का मिळालं नाही हे बैठकीत विचारता येतं. विचारता येणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि आता 'नवीन महाबळेश्वर' हा गिरिस्थान प्रकल्प येतो आहे. सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या दोनशेहून अधिक गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमलेलं आहे. या डोंगरांना तो भार सोसेल का, पाण्याचं आणि रानाचं काय होईल, याबद्दल माझ्या मनात गंभीर शंका आहेत आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण जी हॉटेलं, जे रस्ते, जी बांधकामं परवानगी मागतील त्यांच्या परवानगीच्या कागदावर एक अट आजच घालता येते: या प्रकल्पातली प्रत्येक जागा, ठेकेदाराची धरून, पगार आणि तासांसह, भरण्याच्या पंधरा दिवस आधी तालुक्याच्या वहीत नोंदवली जाईल. सात-बारा गेल्यावर ही अट मागण्यात अर्थ नाही, ती आधी मागायला हवी. ज्या गावांच्या ग्रामसभा अजून आपलं म्हणणं ठरवताहेत त्यांनी ती आपल्या ठरावात लिहावी.

त्या वहीत प्रत्येक जागेपुढं आणखी एक रकाना असावा, असं मला वाटतं: काम किती वाजता सुरू होतं, किती वाजता सुटतं आणि त्या वेळेला मेढा आगाराची गाडी आहे की नाही. साताऱ्यात पाळी सुटते आणि करहरकडे जाणारी शेवटची गाडी त्याआधीच निघालेली असते, तर ती जागा करहरच्या बाईसाठी नाहीच. चार-पाच जागांपुढं एकच वेळ दिसली तर आगार व्यवस्थापकाकडे गाडीची वेळ अर्ध्या तासानं पुढं ढकलण्याची लेखी मागणी करता येईल, आणि त्या मागणीला वहीतल्या नोंदींचा आधार असेल.